मध्यंतरात बुजवलेला ठसा

ती शाल मी घेतलेली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण लोकांनी नंतर असं पसरवलं की नानांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि घरी गेल्यावर त्यांना उपरती झाली. साफ खोटं आहे. शाल खांद्याला लागायच्या आधी मी ती अध्यक्षांच्या हातात परत दिली आणि माईक हातात घेऊन बोललो. तेव्हा माझा आवाज चढला होता, हेही खरं. अजूनही तो विषय निघाला की चढतो, आणि आमची मंडळी आतून ओरडते, ‘अहो, बीपीची गोळी घेतली का?’

मी मैदान आखणारा माणूस. चौतीस वर्षं नोकरीत हेच केलं, आणि नोकरी संपल्यावरही जिल्ह्याच्या फुटबॉल लीगचे सामने असले की मलाच बोलावतात, कारण दुसरा कोणी सापडत नाही. आडनाव पगारे, पण ते हजेरीपटावर. मैदानावर सगळ्यांचा मी नाना. पंच बदलले, पदाधिकारी बदलले, खेळाडू पोटं सुटून घरी बसले, पण कोपऱ्यात डबा घेऊन उभा असलेला नाना कोणाला दिसत नाही. रेष वाकडी झाली तरच दिसतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय एवढं, पांढरी पावडर घ्यायची आणि ओढायची रेष. या एकदा आणि ओढून दाखवा. आधी खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये सुतळी ताणायची, इतकी की टिचकी मारली तर वाजली पाहिजे. मग कोपरे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी एका रेषेवर तीन मीटर मोजायचे, दुसरीवर चार, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर पाच भरलं तर कोपरा खरा. नाही भरलं तर उपटा खुंटी आणि करा पुन्हा सुरुवात. इंजिनियर झालेल्या पोरांना मी हे दाखवलंय आणि ‘अरे, हे तर शाळेत होतं आपल्याला’ म्हणत त्यांनी डोक्याला हात लावलाय. त्यानंतर फक्की. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी. ती चाकाच्या डब्यात भरायची आणि एका चालीने चालायचं. मध्येच थांबून कोणाला ‘काय, बरंय ना’ म्हटलं की तिथे ढीग पडलाच. सगळ्यांत जपायची ती गोलरेषा. ती गोलच्या खांबाएवढीच जाड हवी, कारण चेंडू ती संपूर्ण ओलांडून गेला तरच गोल. दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर कोणाचं तरी वर्ष वाया जातं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसच्या मालकांनी द्राक्षांचा हंगाम संपल्यावर आपल्या कामगारांची स्पर्धा ठेवली होती. सगळं आखून झाल्यावर मालक आले, कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारली आणि म्हणाले, “नाना, हे लय मोठं झालं. आमची माणसं पळून पळूनच आडवी व्हायची. जरा आखडून घ्या.” घेतलं आखडून, त्यात माझं काय जातं. मग ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अन् आमच्या ऑफिसच्या टीमचा गोल जरासा बारीक करता यील का?” मी म्हटलं, “येईल की. पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात मालक, तेव्हा त्या बारीक गोलात तुम्हालाच मारावा लागंल.” मालकांनी बराच विचार केला. “नाय, मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. वर मला आग्रह करकरून जेवायला वाढलं आणि निघताना द्राक्षांची पेटी गाडीला बांधून दिली. रागावलेले अजिबात दिसले नाहीत.

असंच एकदा एका स्पर्धेला आयोजकांनी फक्कीच्या ऐवजी कळीच्या चुन्याची पोती आणून टाकली. कळीचा चुना पाण्याला लागला की उकळतो आणि कातडी भाजून काढतो. गोलकीपर त्या रेषेवर कोपरं घासत पडणार, घामाने अंग ओलं, काय होईल सांगा. मी पोत्याला हात लावला नाही. आयोजक म्हणाला, “नाना, तुम्ही फक्त मारा हो, बाकीचं आमच्याकडे लागलं.” बाकीचं म्हणजे काय, पोरं दवाखान्यात नेणं? फक्की येईपर्यंत उद्घाटन दीड तास खोळंबलं, पाहुणे फेटे बांधून उन्हात बसले, आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी एका ओळीत दिला: मुलं भाजली असती. पुढे कोणी काही विचारलं नाही.

हे मी माझी टिमकी वाजवण्यासाठी सांगत नाही. थोडी वाजली असेल तर वाजू द्या. सांगायचं एवढंच की हा माणूस कोणाच्या सांगण्याने रेष इकडची तिकडे करत नाही, हे नाशकातल्या सगळ्या क्लबांना माहीत होतं. तेवढीच माझी कमाई. ती गेल्या मोसमात दोन मिनिटांत मातीत गेली.

आता ते दोन क्लब. लालमाती स्पोर्टिंग हा नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीचा. माझा धाकटा भाऊ त्यांचा एकेकाळचा कॅप्टन, आता पुतण्या खेळतो. दुसरा बुलंद क्लब, जुन्या नाशकातला. त्यांचे कोच रऊफभाई. दिवसभर मोटारसायकली दुरुस्त करतात आणि संध्याकाळी काळ्या हातांनीच पोरांना पळवतात. या दोन क्लबांचं भांडण कशावरून सुरू झालं हे दोघांनाही आता सांगता येत नाही. पण लालमाती आणि बुलंदचा सामना असला की पोलिसांची गाडी आधी येते आणि खेळाडू मागून येतात, एवढं मी नेहमी पाहतो.

दोघंही जिल्हा लीगच्या दुसऱ्या गटात. त्या गटात जो पहिला येतो तो सरळ पहिल्या गटात जातो. त्याच्या मागचे चार संघ आपसांत खेळतात, त्याला प्ले-ऑफ म्हणतात, आणि त्यातून जो एक उरतो तो पहिल्या गटात जातो. बाकीच्यांनी वर्षभर पुन्हा तेच दगड फोडायचे. पहिल्या गटात गेलं की जिल्ह्याच्या निवड समितीची माणसं सामने बघायला येतात. दुसऱ्या गटाकडे कुत्रं फिरकत नाही. बुलंद याआधी दोनदा प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात येऊन हरला होता. गेल्या मोसमात तिसऱ्यांदा आला, आणि समोर लालमाती.

सामन्याच्या सकाळी मी मैदानावर पाणी मारलं. आमचं मैदान मुरमाचं, गवत औषधाला. पाणी मारलं नाही तर एवढी धूळ उडते की लाइनवरच्या पंचाला चेंडू दिसत नाही. गोलच्या तोंडाशी मी जरा जास्तच मारतो, गोलकीपरला पडायला जमीन मऊ लागावी म्हणून. दुपारपर्यंत वरचा थर सुकतो आणि खाली ओल राहते. अशा जमिनीवर जे पडेल त्याचा ठसा उमटतो.

पहिला अर्धा वेळ संपत आला होता, गोल कोणाचाच नव्हता. मी लालमातीच्या गोलच्या मागे, जरा बाजूला, डबा घेऊन उभा. कॉर्नर आला. बुलंदचा साजिद नावाचा पुढचा खेळाडू, वायरमनचं काम करणारा, उंच पोरगा, सगळ्यांच्या डोक्यावरून उडाला आणि त्याने चेंडू डोक्याने हाणला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागला, तिथून खाली आपटला तो रेषेच्या आत, आणि फिरत फिरत बाहेर आला. लालमातीच्या गोलकीपरने झडप घालून पोटाशी धरला. लाइनवरचा पंच कॉर्नरच्या गर्दीत अडकला होता, त्याला काही दिसलं नाही. मुख्य पंच देवरे सर, एका शाळेत शिकवतात, तरुण आणि सरळ माणूस, ते पेनल्टीच्या ठिपक्याच्याही मागे होते. त्यांनी खेळ चालू ठेवला. बुलंदची पोरं डोकं धरून ओरडत राहिली. अर्ध्या मिनिटात मध्यंतराची शिट्टी झाली.

मी पाहिलं होतं. माझ्यापासून सात-आठ पावलांवर. चेंडू आत होता.

आता माझं काम काय असतं तेही सांगतो. मध्यंतर झालं की मी दोन्ही गोलांच्या तोंडाशी जातो. गोलकीपरच्या टाचांनी रेष पुसलेली असते, खड्डे पडलेले असतात. टोपलीतला मुरूम टाकायचा, पायाने दाबायचा, जमीन ठोकायचं धुमस मारायचं आणि रेष पुन्हा ओढायची. दुसऱ्या अर्ध्या वेळात समोरचा गोलकीपर तिथे येणार असतो. खड्ड्यात चेंडू पडून भलतीकडे उडाला तर तो माझा गुन्हा. चौतीस वर्षांत एकही मध्यंतर मी बसून काढलेलं नाही.

त्या दिवशीही गेलो. रेषेच्या आत, गोलच्या जाळीकडे, तो ठसा होता. वाटीएवढा, स्वच्छ गोल. रेषेच्या आणि त्याच्यामध्ये माझी अख्खी वीत बसली असती. ज्याला कळतं त्याला सांगायला नको, जमिनीला चेंडूचा फक्त तळ टेकतो, त्याचं पोट चारी बाजूंनी चार-चार बोटं पुढे असतं. तळ जर रेषेपासून वीतभर आत असेल तर अख्खा चेंडू आत, वर आणखी जागा उरते. देवरे सरांनी खाली वाकून एकदा पाहिलं असतं तर दुसरा प्रश्नच नव्हता. आणि ते पाहायला येतही होते! रऊफभाईंनी त्यांना मैदानातच गाठलं होतं, हे मला नंतर कळलं. पंच मैदानाबाहेर पडेपर्यंत त्याला आपला निर्णय बदलता येतो. रऊफभाई हात जोडून म्हणाले होते, “सर, एक बार सिर्फ निशान देख लो, फिर जो बोलोगे मंजूर.” आणि सर ‘चला’ म्हणून मध्यरेषेपासून गोलकडे निघाले होते. रऊफभाई पुढे पळत, लांबूनच ओरडत, “नाना! हाथ मत लगाओ! नाना!”

मला ऐकू आलं नाही. आमच्या वसाहतीचं ढोलपथक त्याच बाजूला उभं होतं आणि मध्यंतर झाल्याबरोबर त्यांनी बडवायला सुरुवात केली होती. पण ढोलांवर ढकलून मी सुटणार नाही. मी तो ठसा पाहिला आणि मला त्यात पुरावा दिसला नाही, खड्डा दिसला. एवढंच. नुकताच याच चेंडूसाठी मनातल्या मनात पंचांना शिव्या घालत होतो, आणि हात मात्र टोपलीकडे गेला. मुरूम टाकला, बुटाने दाबला, धुमस दोनदा मारलं. मग डबा घेऊन रेष ओढली. झकास आली. मान वर केली तर समोर रऊफभाई उभे, धापा टाकत, आणि त्यांच्या मागे देवरे सर.

रऊफभाईंनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या माणसाच्या गॅरेजात मी वीस वर्षं चहा पितोय. त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, “नाना, तुमने भी?”

मी सरांना म्हटलं, “सर, चेंडू आत होता. मी इथून पाहिलाय. ठसा वीतभर आत होता.”

“कुठे आहे ठसा?”

“मी बुजवला.”

सरांनी डोळे मिटले, उघडले. “नाना, मी काय करू मग? तुम्ही पंच नाही. ठसा असता तर गोष्ट वेगळी. तुमच्या तोंडच्या शब्दावर मी गोल कसा देऊ?”

त्यांचंही चुकलं नव्हतं. तेच तर डोक्यात जातं. दुसऱ्या अर्ध्या वेळात बुलंदची पोरं पाय ओढत खेळली, लालमातीने एक गोल मारला आणि एक-शून्यने लालमाती पहिल्या गटात गेली. गुलाल उधळला, माझ्या पुतण्याने मला उचलून घेतलं. मी म्हटलं, खाली ठेव. त्याला वाटलं माझी कंबर दुखते.

खरा संताप पुढच्या रविवारी. वसाहतीच्या सभागृहात विजयी संघाचा सत्कार. मला निरोप आला, नाना, तुम्ही पुढच्या रांगेत. मला वाटलं मैदान आखल्याबद्दल असेल, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सुचलं म्हणायचं. खेळाडूंचे सत्कार झाले. मग आपल्या वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब माईकवर आले. डोळे मिचकावले आणि म्हणाले, “आता सत्कार आपल्या बाराव्या खेळाडूचा! मैदानात अकरा लढत होते, पण ऐन वेळेला ज्यांनी दोन मिनिटांत काम फत्ते केलं, ते आपले पगारे नाना!” सभागृह हसलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. बायका हसल्या, पोरं हसली. सगळ्यांना कळलं होतं कशाबद्दल बोलताहेत, फक्त मला कळायला अर्धं मिनिट लागलं. तोवर भाऊसाहेब शाल उलगडून पुढे आले होते.

डोकं फिरलं माझं. चौतीस वर्षं कोणी माझ्या रेषेवर बोट ठेवलं नाही, आणि माझ्याच माणसांनी मला चोर ठरवलं, तेही टाळ्या वाजवून! विरोधकाने शिवी दिली असती तर गिळली असती. हे शाल घालून शिवी देत होते. मी शाल त्यांच्या हातात कोंबली आणि माईक घेतला. म्हटलं, “कार्यक्रमाच्या सुरुवातीला काय म्हटलं आपण? पंचशील. या फोटोंसमोर हात जोडून म्हटलं. चौथं शील काय आहे, सांगा कोणीतरी.” मग मीच सांगितलं, “खोटं बोलणार नाही, हे आहे! आणि तुम्ही माझ्या गळ्यात खोटेपणाचा हार घालताय? मी तो ठसा मुद्दाम बुजवला नाही. लालमातीसाठी नाही, वसाहतीसाठी नाही, कोणाच्या बापासाठी नाही. माझं नाव तुमच्या भानगडीत घ्यायचं नाही!” आणि चपला घालून निघून आलो. मागे कोणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्याचं सटकलं.”

घरी मंडळी म्हणाली, “खरं बोललात, पण जरा हळू बोलला असतात तर बरं झालं असतं. लोक जेवायला बसायचे होते.” मी म्हटलं, “जेवू देत की, मी काय त्यांचं ताट ओढलं?” त्या दिवशी आमच्याकडे मात्र कोणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लीगच्या समितीला अर्ज लिहिला. चेंडू आत होता, ठसा कुठे होता, मी तो कसा बुजवला, सगळं लिहिलं, खाली सही केली. बुलंदने आधीच तक्रार केली होती, तिची सुनावणी होती, मीही जाऊन बसलो. समितीचे सचिव अर्ज दोन बोटांनी धरून म्हणाले, “नाना, तुम्ही हा अर्ज कोणत्या नात्याने केलाय?”

“मैदान आखणारा या नात्याने.”

“नियमात असं काही नातं नाही. क्लब तक्रार करू शकतो, पंच अहवाल देऊ शकतो. तुम्ही यात बसत नाही.”

“मग मी कुठे बसतो?”

“तेच म्हणतोय मी. आणि ठसा बुजवला कोणी? तुम्हीच. आता तुम्हीच सांगताय ठसा होता. असं कसं चालेल?” समितीतले बाकीचे दोघे हसले. मग सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, तुमचीच पोरं वर गेलीत ना? मग तुम्हाला त्रास कशाचा? घरी जा, आराम करा.”

बघा! यांनाही वाटत होतं की मी आतून खूश असणार आणि वरवर साधूपणा करतोय. मी अर्जावर पोच मागितली. पोच देता येत नाही, म्हणाले, कारण अर्ज नियमात बसत नाही. म्हणजे मी दिला तरी दिला नाही. बुलंदची तक्रार फेटाळली, पंचाचा निर्णय अंतिम. आणि पुढच्या आठवड्यात मला एक पत्र आलं की यापुढे मध्यंतरात कोणीही परवानगीशिवाय मैदानाला हात लावायचा नाही. त्या पत्राला मात्र जावक क्रमांक होता, ठसठशीत शिक्क्यासकट.

अर्जाची प्रत घेऊन मी रऊफभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, सगळा वाचला. घडी घालून परत दिला. म्हणाले, “नाना, मला पटलंय. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, पण नंतर विचार केला, हा माणूस मध्यंतरात खड्डे बुजवतो हे मी वीस वर्षं बघतोय. त्या दिवशीच कशाला थांबेल? पण माझी पोरं मानत नाहीत. ते म्हणतात, नाना बिक गये.” मग म्हणाले, “तुम्हीच या एकदा. समोर येऊन सांगा.”

गेलो. संध्याकाळी त्यांचा सराव चालतो तिथे. सोळा-सतरा पोरं गोल करून बसली होती, कोणी माझ्याकडे बघेना. मी उभ्यानेच सांगितलं. ठसा दिसला, हात सवयीने गेला, चूक झाली, मुद्दाम केलं नाही. समितीकडे गेलो, हाकललं. शाल परत केली. आणि म्हटलं, “चेंडू आत होता. वीतभर आत होता. साजिद, तो गोल तुझा होता.”

साजिद बुटांची लेस सोडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “चाचा, ये हमको क्यों बता रहे हो? हमको तो मालूम है अंदर था. मैंने मारा है.”

“तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं म्हणून...”

“हमको नहीं.” आता त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं. “तुमच्या लोकांना सांगितलं का? शाल वापस किया, वो सुना मैंने. सगळ्या नाशकाने ऐकलं. तिथे माईकवर बोललात ना तुम्ही? बॉल अंदर था, ये बोला क्या?”

नव्हतो बोललो. मी सगळं आठवून पाहिलं, एकेक वाक्य. ठसा मुद्दाम बुजवला नाही, हे बोललो होतो. माझं नाव घ्यायचं नाही, हे बोललो होतो. चौथं शील काय आहे, असं सगळ्या सभागृहाला दरडावून विचारलं होतं. पंचांना सांगितलं, समितीला लिहून दिलं, रऊफभाईंना सांगितलं. आणि ज्यांच्यात जन्म काढला त्या माझ्या माणसांना, गुलाल लावलेल्या त्या पोरांना, त्यांचा विजय खरा नाही हे तोंडावर सांगायची वेळ आली तेव्हा मी फक्त स्वतःची अब्रू धुऊन घेतली आणि चपला घातल्या. एवढा वेळ मी त्यांच्यावर चिडत होतो, समितीवर चिडत होतो. साजिद पुन्हा लेस सोडायला लागला. मी ‘येतो’ म्हटलं आणि निघालो. रऊफभाई रस्त्यापर्यंत सोडायला आले.

त्याला सहा महिने झाले. एवढ्यात आपल्या मंडळाकडून निरोप आला की यंदाच्या वार्षिक अंकासाठी नानांनी आपल्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहावेत, मागचं सगळं विसरून. विसरायला माझी हरकत नाही, पण आधी सांगून घेतो. हा अंक वसाहतीत घरोघर जातो, लालमातीच्या प्रत्येक खेळाडूच्या घरी जातो, भाऊसाहेबांच्या टेबलावर पडतो. माझा पुतण्याही वाचेल. त्या दिवशी माईकवर जे बोललो नाही ते इथे बोलतो. चेंडू रेषेच्या पूर्ण आत होता. तो गोल बुलंदच्या साजिदचा होता, आणि तो धरला असता तर आपण त्या दिवशी जिंकलो नसतो. समितीने याची पोच दिली नाही. तुम्ही द्या किंवा देऊ नका. संपादक मंडळाला एकच विनंती, जागा कमी पडली तर लेखातलं बाकी काय हवं ते कापा, पण चेंडू आत होता हे वाक्य राहू द्या, आणि खाली माझं पूर्ण नाव घाला.